गंगा कुठवर आली?

मागं एका रात्री गावाकडून चुलतभावाचा फोन आला. जेवलास का, लेकरं कशी आहेत, असलं काही नाही. थेट म्हणाला, "सुटलं."

काय सुटलं ते मला विचारावं लागत नाही. पैठणला कालव्याचं दार उचललं, एवढाच त्याचा अर्थ. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पार शेपटाला. हा कालवा 208 किलोमीटर लांब आहे आणि त्यातले शेवटचे थोडके किलोमीटर आमच्या वाट्याचे. त्यामुळं 'सुटलं' आणि 'आलं' या दोन शब्दांमध्ये आमच्याकडं आठवडा तरी जातो, कधी दोन. तेवढे दिवस गावात एकच प्रश्न फिरत असतो. पारावर, पिठाच्या गिरणीत, सोयरिकीच्या बैठकीत चहा येईपर्यंतच्या शांततेत: "गंगा कुठवर आली?"

गोदावरीला आमच्याकडं गोदावरी कुणी म्हणत नाही. ती गंगा. आजीच्या पिढीला गंगेचं स्नान म्हणजे गंगाखेड. दशम्या बांधायच्या, बैलगाडी जुंपायची, पर्वणी गाठायची आणि येताना तांब्याभर पाणी देव्हाऱ्यासाठी आणायचं. त्यामुळं कालव्याला पाणी आलं तेव्हा आजी हळदकुंकू, खण, नारळ घेऊन काठावर गेली आणि तिनं ओटी भरली. अण्णा, म्हणजे माझे वडील, हसत म्हणाले, "माय, हे सरकारचं पाणी आहे, याची पट्टी भरावी लागती." आजी म्हणाली, "मग? देवाच्या दारी दक्षिणा लागत नाही का?"

त्या दिवसापासून आमच्या घरी पाणीपट्टीच्या पावत्या देव्हाऱ्याखालच्या खणात राहू लागल्या. अजूनही तिथंच आहेत.

कालव्याला एक वरची बाजू असते आणि एक खालची. शहरातल्या मित्रांना हे पटकन लक्षात येत नाही. कालवा जमिनीची उंची धरून, चढाला बगल देत, वळणं घेत चालतो. त्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे आमच्याकडं दक्षिणेला, नदीच्या बाजूला, पाणी आपल्या पायानं उतरतं. वरच्या अंगाला उतरत नाही. मधे कालव्याची रुंदी आणि दोन्हीकडचे भराव, बस्स. पण या वीस पावलांत जमिनीची जात बदलते. खालची ती भिजती, वरची ती कोरडी. मुलगी बघायला आलेले पाहुणे एकरं किती हे नंतर विचारत. आधी विचारत, "कॅनलाच्या खाली आहे का वर?"

आमच्या घरात हा प्रश्न जरा नाजूक होता. वाटणी झाली तेव्हा कालवा नुसता ऐकीव होता. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, या रिवाजानं अण्णांनी वाटे पाडले आणि काकांनी आधी वरचा तुकडा उचलला. शहाणपणाचंच काम होतं ते. वरच्या तुकड्यात विहीर होती. 72 च्या दुष्काळात तळाला गेली होती, तरी विहीर ती विहीर. खालच्या तुकड्यात बोरी-बाभळी आणि दगडी बांध. अण्णांना सगळे म्हणाले, थोरला असून फसलास.

मग मोजणीवाले आले, चुन्याच्या फक्क्या पडल्या, आणि आमच्या दोन तुकड्यांच्या बरोबर मधून कालवा गेला. काका वर राहिले, आम्ही खाली.

पुढची चाळीस वर्षं काका कालव्याच्या काठावर उभे राहून दहा हातांवरून जाणारं पाणी बघत राहिले. त्या पाण्यावर त्यांचा कागदोपत्री हक्क नाही. आमचा आहे. असो, त्यांच्याकडं परत येतो.

जायकवाडी हे नावच एका हुकलेल्या गावाचं आहे. निजामाच्या राज्यात गोदावरीवर धरणाचा विचार निघाला तो बीड जिल्ह्यातल्या जायकूची वाडी नावाच्या छोट्या गावापाशी. पुढं महाराष्ट्र झाला, पुन्हा पाहणी झाली आणि जागा शंभरेक किलोमीटर वर, पैठणला सरकली. धरण सरकलं, नाव मात्र मूळ वाडीचंच चिकटून राहिलं. जिथं धरण नाही त्या गावाचं नाव धरणाला आहे. मराठवाड्याच्या एकूण रीतीला हे धरून आहे असं मला नेहमी वाटतं.

18 ऑक्टोबर 1965 ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली. 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत आणि 27 दरवाजे. मधल्या काळात 72 चा दुष्काळ येऊन गेला, खडी फोडणारी आणि सुकडी खाणारी एक पिढी होऊन गेली, 1974 चं मराठवाडा विकास आंदोलन झालं. शंकरराव चव्हाणांनी पाटबंधारे खातं सांभाळताना या धरणाचा ध्यास घेतला होता, म्हणून आमच्याकडची जुनी माणसं अजून त्यांना भगीरथ म्हणतात. त्यांच्यावर टीका करायला माझ्याकडंही दोन-चार गोष्टी आहेत. पण आजीसमोर कुणी करून दाखवावी.

पैठणला धरणामागं जे तळं साठलं त्याला नाथसागर म्हणतात. हे नाव मला पटतं. ज्या एकनाथांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ओतली, त्यांच्या गावी हे पाणी अडवलेलं आहे. नाथांच्या घरी श्रीखंड्याच्या रूपात देवानं पाणी भरलं म्हणतात, आणि तो रांजण नाथषष्ठीच्या दिवसांत लोक अजून भरतात. आता जरा विचार केला तर डाव्या कालव्याची सगळी भांडणं या एका गोष्टीत आहेत. कावड कुणासाठी आणली होती आणि वाटेत कोण तहानलेलं भेटलं. फरक इतकाच की आमच्या वाटेवर तहानलेलं गाढव नसतं, ऊस असतो.

पाणी येतं कसं, ते सांगतो. लहानपणी आम्ही पोरं त्याला आणायला जात असू. खरंच आणायला, म्हणजे दोन-तीन किलोमीटर सामोरं जाऊन कोरड्या कालव्यात उतरायचं आणि वाट बघायची. आमच्याकडं येईपर्यंत कालवा बारीक झालेला असतो. पैठणला त्याची ऐपत सेकंदाला शंभरेक घनमीटरची, आणि आमच्याकडं मुळ्याच्या शेंड्यासारखा. तळाला भेगाळलेला गाळ, फरशीच्या फटींतून उगवलेली बेशरमीची झुडपं, कुठं शेळ्या चरताहेत.

आधी बगळे दिसायचे. पाणी दिसायच्या आधी बगळे. ते कालव्याच्या तळातून चालत, मधेच उडत, पुन्हा बसत आमच्या दिशेनं यायचे, कारण पाण्याच्या पुढं पुढं किडे, मुंग्या, विंचू, बेडकं बिळांतून बाहेर पडून पळत असतात. मग आवाज. पाण्याचा वाटत नाही तो, वाळलेल्या पानांतून कुणी गोणपाट ओढत चाललंय असा. आणि मग पाण्याचं तोंड. ते निळं नसतं, पांढरंही नसतं. ते काळपट, फेसाळ आणि घाणेरडं असतं. काटक्या, पऱ्हाट्या, एका पायाची चप्पल, शेणाच्या गोवऱ्या, अलीकडं थर्माकोलच्या पत्रावळी, असा सगळा वरच्या गावांचा संसार ढकलत ते चालत येतं. माणसाच्या चालीपेक्षा हळू. भेग आली की थांबतं, तिला पाजतं, पुन्हा निघतं. आम्ही त्याच्या पुढं उलट पावलांनी चालायचो. पायाच्या अंगठ्याला त्यानं शिवलं की एक पाऊल मागं. असं करत करत आम्ही गंगेला गावात आणायचो. पुलापाशी बायका उभ्या असत. तोवर फेस मागं पडलेला असे आणि पाणी जरा पाण्यासारखं दिसायला लागलेलं असे.

मग पंधरवडाभर गाव वेगळं होऊन जाई. गोधड्या धुवायला निघत. फरशीच्या उतारावर सांडगे, मिरच्या वाळत. पोरं पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकत. बैल धुतले जात. कालव्याला पाणी आहे म्हटल्यावर लेकीबाळी माहेरी येत, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. आणि आमची आजी एकादशी धरून ठेवल्यासारखी रोजच एकादशीचं स्नान उरकून घेई.

पण ही झाली दिवसाची गोष्ट. कालव्याचं खरं आयुष्य रात्री असतं.

पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरायचा. कुठलं पीक, किती क्षेत्र, मागची पट्टी भरली का. मग शेजपाळी लागते, म्हणजे कुणी, कधी, किती वेळ पाणी घ्यायचं त्याचा क्रम. आमची पाळी बहुतेक रात्री येई. अण्णा, मी, खांद्यावर खोरं, हातात तीन सेलची बॅटरी. पाटकरी मामा चारीच्या दाराशी कानटोपी घालून बसलेले, मांडीवर वही. ते पाटाच्या पाण्यात कडब्याचं चिपाड टाकत, ते किती वेगानं जातं ते बघत आणि म्हणत, "घ्या, चांगलं आहे." आकडे वहीत लिहीत, पण भरवसा चिपाडावर.

थंडीत गव्हाला पाणी देणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. एक वाफा भरला की दंड मोडायचा, दुसऱ्यात पाणी घ्यायचं, पहिल्याचं तोंड चिखलानं लिंपायचं. पाय बधिर होतात, मग पाय आहेत हेच विसरायला होतं. अण्णा मधेच बॅटरी विझवायला सांगत. म्हणत, "डोळ्यांनी नको बघू. ऐक." अंधारात पाणी नीट चाललं असेल तर त्याचा आवाज एकसारखा बारीक येतो. कुठं उंदराच्या बिळात घुसलं की तो आवाज घशात अडकल्यासारखा होतो. अण्णा तेवढ्यावरून दंड कुठं फुटला ते सांगत आणि पऱ्हाट्याचा भारा घेऊन अंधारातच तिकडं धावत. मला ते कधीच जमलं नाही. मी अजूनही डोळ्यांनीच बघतो.

आणि कधी कधी, मध्यरात्रीनंतर, दंड कुठंही न फुटता पाणी आपोआप कमी होई. अण्णा थांबत. ऐकत. वरच्या अंगाला, काकांच्या शेतात, इंजिनाचा आवाज दाबून टाकायला त्यावर गोणपाट घातलेलं असे, पण गोणपाटानं इंजिन कुठं दबतं? कालव्यात सोडलेल्या पाइपानं काका आपला हरभरा भिजवत असत. पाटकरी मामांनाही तो आवाज ऐकू येई. ते वहीत डोकं घालत. अण्णा काही बोलत नसत. एकदा मीच म्हणालो, "अण्णा, काका चोरायलेत." अण्णा म्हणाले, "वाटणीत मी वाटे पाडले होते. गप बस."

बरं, नियम काय सांगतो? नियम सांगतो की पाणी शेपटापासून माथ्याकडं द्यावं. 'टेल टू हेड.' आधी शेवटच्या माणसाला, मग वरच्यांना. या नियमाइतकं सुंदर वाक्य सरकारी कागदात दुसरं नसेल. प्रत्यक्षात पाणी येतं माथ्याकडून, आणि वाटेतला प्रत्येक जण तहानलेला असतो किंवा तहानलेला असल्याचं सांगतो. हा कालवा आखला तेव्हा डोळ्यांसमोर मुख्यतः ज्वारी, गहू, कापूस होते. ऊस नावापुरता. मग कारखाने आले, वरच्या भागात उसाचं हिरवं जंगल उभं राहिलं, आणि ऊस बारा महिने पितो. मी उसवाल्यांना दोष देत नाही. माझ्या हातात दार असतं तर मीही बंद केलं नसतं.

एका उन्हाळ्यात तिसरी पाळी आमच्यापर्यंत आलीच नाही. भुईमूग आऱ्या धरून बसला होता. रोज कुणीतरी मोटारसायकलवर वर जाऊन येई आणि सांगे, अमुक मोरीपर्यंत आलंय. दुसऱ्या दिवशीही तीच मोरी. तिसऱ्या दिवशीही. ऑफिसात गेलो तर साहेब नकाशा दाखवत. नकाशात पाणी आमच्या गावाच्या पुढं गेलेलं होतं. अण्णांनी त्या वर्षी भुईमूग उपटला नाही, तसाच ढोरांना मोकळा सोडला. शेंगा होत्या, आत दाणा नव्हता.

गळतीवरून मात्र माझं मत बदललेलं आहे. पूर्वी मीही म्हणायचो, निम्मं पाणी फरशीच्या भेगांतून जातं, कसला हा कालवा. कारण साधं आहे. आमची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर फरशी टिकत नाही. मुरमाचा जाड थर देऊन मग अस्तरीकरण केलं तर थोडं टिकतं. जी माती कापूस पिकवते तीच कालवा फोडते. पण हे फुटलेलं पाणी जातं कुठं? खालच्या अंगाच्या विहिरींत. आमच्याकडं कालव्यानंतर ज्या विहिरी खणल्या त्या मार्चपर्यंत पुरू लागल्या त्या या पाझरामुळं. काही ठिकाणी याच पाझरानं रानं चोपण झाली, मीठ फुटलं, तिथं आता पाणकणीस माजलंय, तेही खरं. पुन्हा नवं काँक्रीट करायचं निघालं तेव्हा गावात अर्धे लोक खूश आणि अर्धे काळजीत होते, आणि दोघांचंही बरोबर होतं.

छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, मी शिकायला गेलो तेव्हा मलिक अंबरची नहर पहिल्यांदा पाहिली. चारशे वर्षांपूर्वी त्या माणसानं शहराला पाणी आणलं ते जमिनीखालून, झाकून, नुसत्या उतारावर. ऊन लागत नाही, वाफ होत नाही, कुणी वाटेत पाइप टाकत नाही. मला तेव्हा त्या नहरेचा इतका हेवा वाटला. नंतर लक्षात आलं, झाकलेल्या पाण्यात कुणाची पोरं पोहायला शिकणार?

नाथसागर पसरट आहे, परातीसारखा. साठा प्रचंड, जवळजवळ 2,900 दशलक्ष घनमीटर, त्यातला वापरता येतो तो 2,170 च्या आसपास. पण परातीतलं पाणी उन्हाला फार आवडतं. आणि ही परात भरते ती आमच्या पावसानं नाही. ती भरते नाशिक-नगरकडच्या पावसानं, तीही वरची धरणं भरल्यावर. म्हणून जुलै-ऑगस्टात आमच्या पारावरची माणसं स्वतःच्या आभाळाकडं बघत नाहीत. "इगतपुरीला किती झाला?" विचारतात. ज्यांनी इगतपुरी कधी पाहिलेली नाही, पाहणारही नाहीत, त्यांना तिथला पाऊस मिलिमीटरमध्ये पाठ असतो. दारणा, गंगापूर, मुळा, भंडारदरा, निळवंडे ही नावं आमच्याकडं सोयऱ्यांच्या गावांसारखी घेतली जातात, आणि सोयऱ्यांसारखाच त्यांच्यावर रागही असतो.

2005 मध्ये समन्यायी वाटपाचा कायदा आला. 2014 मध्ये राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं ठरवून दिलं की 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. 2016 मध्ये उच्च न्यायालयानंही समन्यायी वाटपाच्या बाजूनं निकाल दिला. तेव्हापासून 65 हा आकडा आमच्याकडं पासाच्या मार्कांसारखा झाला. 2023 मध्ये वरून 8.6 टीएमसी, म्हणजे 8.6 अब्ज घनफूट, पाणी सोडायचा आदेश निघाला, तेव्हा आमच्या चुलतभावानं मला तो कागद फोनवर पाठवला आणि खाली लिहिलं, "आपल्या वाट्याला यातलं तांब्याभर तरी येईल का?" मी हसरा चेहरा पाठवला. दुसरं काय पाठवणार? वरच्या लोकांचं म्हणणंही मी ऐकलेलं आहे. सोडलेलं पाणी वाटेत नदीचं कोरडं पात्रच पितं, तुम्हाला मिळतं किती, असं ते विचारतात. प्रश्न खोटा नाही. फक्त तो प्रश्न नेहमी वरच्या अंगाकडूनच कसा येतो, एवढं मला खटकतं. आणि मग आठवतं की आमच्या खालीसुद्धा दोन गावं आहेत, आणि त्यांच्या लेखी आम्ही वरचे.

अण्णा गेले त्याला आता काही वर्षं झाली. पाटकरी मामा निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. चौकीचं छप्पर गेलं, दारापुढचा लिंब तेवढा मोठा झालाय. पाणी वापर संस्था झाली, तिचा फलक आहे.

या खेपेला मी रजा टाकून गेलो. 'सुटलं'पासून नवव्या दिवशी गावात पोचलो तर काका पुलाच्या कठड्यावर बसलेले. ऐंशीच्या घरात आहेत. डोळ्यांना कमी दिसतं.

"कवा आलास?"

"आत्ताच. पाणी कुठवर आलंय काका?"

"मानवत ओलांडलं म्हणं काल. यायलंय. बगळे दिसतेत का बघ बरं तुला."

मी बघितलं. दिसत नव्हते. आम्ही दोघं बसून राहिलो. ऊन कलल्यावर काकांनी मान तिरकी केली, अण्णा करायचे तशीच, आणि काठी टेकून उठले. मला अजून काहीच ऐकू येत नव्हतं. ते उतारावरून एक-एक पाय टाकत खाली गेले. मी हात धरायला गेलो तर झिडकारला. थोड्या वेळानं वळणावर फेस दिसला. तोंड पुढं सरकून पाणी जरा निवळेपर्यंत काका तसेच उभे राहिले, मग वाकून ओंजळ भरली, डोळ्यांना लावली, उरलेली डोक्यावर शिंपडली.

वर येताना त्यांनी काठीनं बाजूचं काँग्रेस गवत सारलं. खाली काळा पाइप होता, नवा कोरा, तोंडाला जाळी बांधलेला.

"तुझ्या शेताची पाळी कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"परवा रात्री."

"बरं," काका म्हणाले. "बारानंतर जरा झोप घेत जा."